हिब्रू अभ्यासक्रम निवड समितीचे कामकाज

कुठलीही गोष्ट शिकण्याआधी ती कुठून शिकायची हे ठरवावं लागतं, आणि ते नीट ठरवायला बसलं की शिकण्याची घाई आपोआप ओसरते. मोठमोठ्या घराण्यांतलं अज्ञान असंच टिकून राहिलेलं आहे. आमचं घर लहान असूनही आम्ही यात मागे राहिलो नाही.

विषय असा. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा परदेशी स्थायिक झाला, तिथलीच मुलगी त्याने केली, आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा आईची भाषा, म्हणजे हिब्रू, बोलतो. (बापाचीही शिकणार होता. पण बाप कामावरून येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं.) दर रविवारी सून फोन लावून देते, तो उशीला टेकवते आणि आपल्या कामाला लागते. मग आजी आणि नातू एकमेकांकडे बघून हसतात.

एका रविवारी नातवाने फोन उचलला आणि तो घेऊन पलंगाखाली शिरला. पडद्यावर अंधार, त्यात अर्धी हनुवटी. त्याने फोनला तोंड लावून काहीतरी कुजबुजत विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. जाऊबाईंनी मान डोलावली. पुढच्या रविवारी पुन्हा पलंग, पुन्हा तोच प्रश्न.

"अहो ताई, सुनेला विचारा की," मी म्हटलं.

"वा गं! त्याने माझ्या कानात सांगितलंय. मी ते चारचौघांत काढू? मीच शिकते ती भाषा."

वय त्रेसष्ट. गुडघे दोन, तेही नावापुरते.

इथपर्यंत प्रकरण सोपं होतं. दुर्दैवाने ते भावजींच्या कानावर गेलं. भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, एकतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी शाखेत होते. त्या काळात त्या शाखेच्या कारभारात एकही चूक झाली नाही. (एकही खरेदी झाल्याचाही पुरावा नाही.) त्यांनी तिथल्या तिथे त्रिसदस्यीय समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सचिव मी, आणि लाभार्थी सदस्य जाऊबाई, मताधिकाराविना. सचिवपद माझ्याकडे आलं, कारण संगणकावर तक्ते करायला मी माझी मीच शिकले आहे. कोणी शिकवलं असतं तर इतके रंग वापरले नसते.

समितीने सत्तावन्न अभ्यासक्रम तपासले. त्यांपैकी चौतीस सर्वोत्तम होते, असं त्यांनीच लिहिलं होतं. अकरा तीन आठवड्यांत अस्खलित करणारे होते. एक पुस्तक भावजींनी 'बांधणी सदोष, मुखपृष्ठ मागे' असा शेरा मारून बाद केलं. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि पुस्तकही तिकडूनच उघडतं, हे तीन बैठकांनंतर ध्यानात आलं. पण शेरा शाईने मारला होता. आणखी एक अभ्यासक्रम सर्वांना फार आवडला. दहा दिवसांत जाऊबाई "महाराज, शत्रूने विहिरीपाशी तळ दिला आहे" असं खणखणीत म्हणू लागल्या. तो प्राचीन हिब्रूचा निघाला.

"कुठलाही एक द्या हो," जाऊबाई म्हणाल्या. "मला काय सभा गाजवायचीय?"

"असं कुठलाही एक घेऊन चालत नाही. भाजीला जातेस तेव्हा पहिलीच जुडी उचलतेस का?"

"पहिलीच उचलते. सगळ्या उलथ्यापालथ्या करून तुम्ही आणता ती पिवळी असते."

हे मत विषयाला सोडून असल्याने इतिवृत्तात घेतलं नाही.

आता पहिला धडा सगळीकडे फुकट असतो. तेव्हा निर्णय होईपर्यंत लाभार्थीने सगळीकडचा पहिला धडा करून पाहावा, असा ठराव झाला. जाऊबाईंनी एकोणीस पहिले धडे केले. प्रत्येकात तेच होतं: शालोम, माझं नाव अमुक, तुम्हाला भेटून आनंद झाला. पहिल्या धड्यावर आज त्यांचं जे प्रभुत्व आहे, ते तिथे जन्मलेल्यांचंही नसेल. दर रविवारी फोन लागला की त्या नातवाला आपलं नाव सांगत आणि भेटून आनंद झाल्याचं कळवत. उच्चार निर्दोष.

आधी तो खिदळायचा. मग नुसता हसायला लागला. पावणेदोन वर्षांनी तो फोनसमोर ताठ बसे, स्वतःचं नाव सांगे, आनंद झाल्याचं कळवे आणि उठून जाई. दोन खात्यांमधला पत्रव्यवहार इतका सुरळीत मी पाहिलेला नाही.

"तो आता कुजबुजत नाही गं," नवव्या बैठकीत जाऊबाई म्हणाल्या.

समितीने याची नोंद घेतली. (मी घेतली, हिरव्या रंगात. हिरवा रंग 'समाधानकारक'साठी ठेवला होता, हे नंतर दिसलं.)

"अजून दोन पर्याय बघून घेऊ," भावजी म्हणाले.

जाऊबाई उठल्या. माझ्या फोनवर जो अभ्यासक्रम उघडा होता त्याचाच दुसरा धडा त्यांनी ठरावाशिवाय सुरू केला. आणि पुढच्याच रविवारी, पासष्टाव्या वर्षी, फोन घेऊन पलंगाखाली शिरल्या.

"काय पडलंय खाली?" भावजी वाकून म्हणाले.

"तुम्ही वरच थांबा."

दुसऱ्या धड्यात त्यांना एकच वाक्य आलं होतं. 'मुलगा सफरचंद खातो.' तेच त्यांनी फोनला तोंड लावून, जपून, कुजबुजत सांगितलं. पलीकडे काहीतरी धडपडलं, पडदा काळा झाला, आणि कुजबुज ऐकू आली.

त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"कळलं नाही," जाऊबाई गुडघा चोळत म्हणाल्या. "आणि कळलं असतं तरी तुला सांगितलं नसतं."

समिती अद्याप बरखास्त झालेली नाही. तिचा तुलनात्मक तक्ता, सत्तावन्न ओळी आणि सात रंगांचा, आम्ही आप्तेष्टांत पाठवला. दोनशे अकरा जणांनी तो मागवून जपून ठेवला आहे. दुसरा धडा उघडल्याचं त्यांपैकी कोणी अजून कळवलेलं नाही. तुम्हालाही हवा असेलच. मागणीपत्रात फक्त तीन गोष्टी लिहाव्यात: आपलं नाव, काय शिकायचं ठरवताय ते, आणि पलंगाखाली जो कोणी तुमची वाट बघतोय त्याचं वय. (वय आजचं लिहावं. तक्ता वाचून होईपर्यंत ते बदलतं.)