ब्रेक दाबला की हॉर्न

"हॉर्न तेवढा वाजत नाही. घंटाभराचं काम हाये!" असं बायकोला, नलूला सांगून धम्मरत्ननं बाह्या वर सारल्या. अशा सारल्या, की बघणाऱ्याला वाटावं, हा गाडी दुरुस्त करणार नसून तिच्याशी कुस्ती खेळणार आहे.

धम्मरत्न घाटंजीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. सेल, कळ आणि बल्ब तारेनं जोडून पोरांना दिवा पेटवून दाखवायचा, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं तो दिवा न चुकता पेटत आला होता. त्यामुळे वीज आपल्या शब्दाबाहेर नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. परवाच त्यानं यवतमाळच्या एका म्हाताऱ्या ठेकेदाराकडून जुनी पांढरी गाडी घेतली होती. गाडी झकास पळायची. फक्त हॉर्न मुका!

आणि घाईचं कारणही तसंच होतं. दुसऱ्या दिवशी कळंबला पायलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. पायल म्हणजे नलूच्या मोठ्या बहिणीची मुलगी. नवरदेवाची अंगठी आणि पायलचा शालू मावशीनं आणायचा, असं ठरलेलं. त्यात साडूनं चारचौघांत विचारलं होतं, "काय धम्मरत्न, एसटीनंच येसान ना?" धम्मरत्न छाती फुगवून बोलून बसला होता, "सोताच्या गाडीनं येतो! हॉर्न वाजवत येतो!"

तर आता हॉर्न वाजायलाच हवा होता.

शेजारचा उत्तमसिंग कुंपणावर हात टेकून उभा राहिला. "भाऊ, मिस्त्रीले दाखवा ना."

"मिस्त्री? अर्ध्या घाटंजीचे मिक्सर मी सुधारले, उत्तमसिंग!"

"आमचाबी तुमीच सुधारला होता. आता तो उलटा फिरते."

धम्मरत्ननं ते ऐकलं नाही. त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि एक तार ओढली. ती आणखी आत गेली होती. आणखी ओढली. तार ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली शिरली होती, म्हणून त्यानं ती अख्खी सीटच काढून अंगणात ठेवली. तिच्यावर शेजाऱ्याची कोंबडी येऊन बसली. आत बघतो तर काय, तारांचा असा गुंता, की त्यापुढे सुगरणीचं घरटं सरळसोट म्हणावं! बरं, सगळ्या तारा काळ्या. ठेकेदारानं कधीतरी स्वस्तात एकच बंडल आणून भागवलं असावं.

"काही अवघड नाही," धम्मरत्न म्हणाला, आणि एक-एक तार सोडवून जोडू लागला.

पहिल्या जोडणीत वायपर सुरू झाले. दुसरीत पुढचे दिवे लागले आणि लागलेच राहिले. तिसरीत चावी फिरवली तरी गाडी ढिम्म.

"अवो, सकाळी चालू होत होती ना?" नलूनं विचारलं.

"होत होती. पण कशी होत होती, ते समजत नव्हतं. आता समजून राह्यलं!"

दिवस कलता कलता त्यानं मार्ग काढला. बॅटरीवरून एक नवी तार थेट आत आणली. तिची दोन टोकं एकमेकांना टेकली, की गाडीला वीज मिळायची आणि इंजिन धडधडायचं. टोकं सुटली, की सगळं गप्प. ब्रेक दाबला आणि काय आश्चर्य! "पोंऽऽऽ!" अख्खी गल्ली दणाणली.

"वाजला!" धम्मरत्ननं उडी मारली.

"पण तुमी तं ब्रेक दाबला," नलू म्हणाली.

"गाडी थांबवायची असते, तेव्हाच लोकाईले बाजूले करा लागते. दोनी कामं एकात झाली ना!"

सकाळी निघताना दोन बारीक अडचणी उरल्या. सीटचे बोल्ट कोंबडीनं की कुणी, पण कुठेतरी नेले होते. आणि चिकटपट्टी संपली होती. सीट अंगणातच राहिली आणि नलू मागच्या सीटवर बसली. ठेवणीतली मोतिया साडी, अंबाडा, डोळ्यांवर चष्मा, शेजारी शालूची पेटी. तिच्या दोन्ही मुठींत धम्मरत्ननं तारेची दोन टोकं दिली.

"एवढंच कर. कळंब येईलोक या सुटू देऊ नको."

"मले झटका बसंल!"

"बारा व्होल्टनं कोणी मरत नाही. विज्ञान हाये!"

नलूनं मुठी पदराखाली घेतल्या आणि देवळातल्या मूर्तीसारखी ताठ बसली. धम्मरत्नच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ग्रीसचा काळा पट्टा ओढला गेला होता, पण आरसाही कालच निखळल्यामुळे त्याला तो दिसला नाही.

रस्त्यानं बरं चाललं होतं. डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरायचे, म्हणून धम्मरत्ननं डावीकडे वळायचा दिवाच लावायचा नाही, असं ठरवलं. भर उन्हात दिवे पेटलेले. आणि मग पुढे उतार लागला.

उताराच्या शेवटी एक जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता आणि त्यात कापूस खरेदी केंद्र. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसानं भरलेल्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर उभे. वजनाचा काटा बंद होता. माणसं बंड्यांखाली चुली मांडून बसली होती. काहींचा कापूस मागच्या बंडीच्या बैलांनी अर्धा चघळून टाकला होता.

त्या साली सगळीकडे हीच गत होती. भाव नाही, जागा नाही, आणि दर दोन-चार दिवसांनी पाहणी पथकाची एखादी पांढरी गाडी यायची. साहेब उतरायचे, बोंडाला हात लावायचे, "अरेरे" म्हणायचे आणि चहा पिऊन निघून जायचे.

धम्मरत्ननं ब्रेक दाबला.

"पोंऽऽऽऽऽ!"

बैल बिथरले. माणसं ताडकन उठली. "आले! आले! पथक आलं!" कुणीतरी ओरडलं. बंड्या भराभर बाजूला झाल्या आणि मधोमध फाटकापर्यंत मोकळी वाट तयार झाली. वाट उताराची! ब्रेक सोडावा तर गाडी बैलांच्या अंगावर जाते, दाबावा तर हॉर्न. हँडब्रेक ठेकेदाराच्या काळातच वारला होता. पोंऽऽऽ करत गाडी थेट फाटकात जाऊन ठेपली. मागे लगेच गर्दी मिटली.

केंद्रात कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर पुंडलिकराव बनियनवरच बाहेर धावले. अर्ध्या रस्त्यात त्यांनी शर्ट घातला, उलटा. त्यांना दिसलं ते असं: पांढरी गाडी, भर दिवसा दिवे, न थांबणारा हॉर्न, पुढे काळ्या तोंडाचा ड्रायव्हर, आणि मागे एकट्या बसलेल्या कडक मॅडम!

"नमस्ते, मॅडम!" पुंडलिकरावांनी हात जोडले.

नलू हात कसे जोडणार? तिनं फक्त मान हलवली. पुंडलिकरावांनी उलट्या शर्टाची बटणं लावली. इतका रुबाब त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणीही पाहिला नव्हता.

ते धम्मरत्नच्या खिडकीशी वाकले आणि ओरडले, "ड्रायवरसाहेब! मॅडम कोणत्या खात्याच्या?"

"मी ड्रायवर नाही! मालक हाये!"

"हो हो! मोठ्या साहेबाईचे ड्रायवर असेच बोलतेत!"

तेवढ्यात कुणीतरी मॅडमसाठी हार आणला. मॅडम हात पुढे करीनात, म्हणून तो गाडीच्या काचेवर ठेवला. गोंधळात धम्मरत्नचं कोपर डावीकडच्या दिव्याच्या दांडीला लागलं. वायपर उठला आणि त्यानं तो हार उचलून सरळ पुंडलिकरावांच्या गळ्यात टाकला!

गर्दीत धावजी नावाचा एक म्हातारा शेतकरी होता. त्यानं खिडकीतून तोंड आत घातलं. "मॅडम, चार रोज झाले बाप्पा, काटाच सुरू नाही! बैलाईचा चारा सरला. जागा नाही म्हंतेत!"

नलू स्वतः कास्तकाराची लेक. माहेरी असताना कापूस वेचून तिची बोटं फाटलेली. समोर फाटकातून तिला मागचं मैदान दिसत होतं. तिथं जिनिंगवाल्यांची पोरं क्रिकेट खेळत होती. तिचा पारा चढला आणि हातात काय आहे, हे ती साफ विसरली.

"काहून बंद हाये काटा?" तिनं उजवा हात सटकन वर केला.

तारा सुटल्या. इंजिन बंद. हॉर्न बंद. दिवे बंद. सगळीकडे शांतता! बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले.

मॅडमनं नुसता हात वर केला आणि आवाज थांबला, हे शेकडो माणसांनी डोळ्यांनी पाहिलं.

"जागा नाही, मॅडम..." पुंडलिकराव गळ्यातला हार सावरत म्हणाले.

"अन् हे एवढं मैदान कायले मोकळं हाये? चेंडू खेळाले? मी कोणी मॅडम-बिडम नाही, कळंबले साक्षगंधाले जाऊन राह्यली. पण डोळे हायेत मले!"

ती खरं बोलली होती, अगदी शब्दन्‌शब्द. पण पुंडलिकरावांनी हाताखालच्या माणसाला कोपरखळी मारली. "ऐकलं? गुप्त दौरा हाये! साक्षगंधाचं नाव सांगून फिरून राह्यल्या! काटा खोल आधी!"

काटा उघडला. गाडीच्या बाजूनं पहिली बंडी आत गेली, मग दुसरी. बाहेर एकच जल्लोष झाला. धावजीनं चाकाखाली दगड लावला, तेव्हा धम्मरत्नला तासाभरानं पाय ब्रेकवरून काढता आला. तो खाली उतरला. पाय मुंग्यांनी असा बधिर झालेला, की तो एका पायावर नाचल्यासारखा चालत पुंडलिकरावांकडे गेला.

"मी तुमाले समजावून सांगतो. ही गाडी माही, अन् ह्या माह्या..."

"भाऊ, तुमी बसा, चहा घ्या," पुंडलिकराव म्हणाले. "ड्रायवर लोकाईचा चहा तिकडे हाये."

मॅडमला मात्र कपबशीतून चहा आणि वर पेढा!

धावजीचा कापूस मोजून झाला, तेव्हा त्यानं गाव-पत्ता विचारत सुतळीनं दोन्ही तारा करकचून बांधून दिल्या आणि रिकाम्या बंड्यांच्या माणसांनी गाडीला धक्का मारला. कळंबला पाहुणे ताटकळले होते. साडू दारातच उभा होता. धम्मरत्ननं त्याच्यासमोर गाडी थांबवली आणि दिल्या शब्दाप्रमाणे हॉर्न वाजला. दारातही उतार, पाय ब्रेकवर, म्हणून वाजतच राहिला. सुतळी सोडेपर्यंत भंतेजींना त्रिसरण म्हणता आलं नाही. पण अंगठी पोचली, शालू पोचला आणि पायल लाजली. सगळं रीतसर पार पडलं.

घरी आल्यावर धम्मरत्ननं शाळेत सुट्टी टाकली आणि हट्टाला पेटला. तारा सोडवल्या, जोडल्या, पुन्हा सोडवल्या. शेवटी दोष सापडला. गाडीच्या पत्र्याला जी अर्थिंगची मूळ तार आवळायची असते, ती गंजाच्या थरावर बसली होती. त्यानं गंज खरवडला आणि एकदम सगळं जागेवर आलं. ब्रेक दाबला की गाडी थांबू लागली, आणि हॉर्न दाबला की हॉर्न वाजू लागला! उत्तमसिंगसुद्धा कुंपणापलीकडून म्हणाला, "मानलं, भाऊ!"

त्याच दुपारी अंगणात आठ-दहा अनोळखी शेतकरी येऊन उभे राहिले. पागोटी, उपरणी, कपाळावर घाम.

"जय भीम, भाऊ. ते हॉर्नवाल्या मॅडम इथंच राह्यतेत ना? धावजी आमचा सोयरा. त्यानं पत्ता देल्ला."

"आता मॅडम नाहीत हो त्या, माही बायको हाये," धम्मरत्न म्हणाला.

"सांगलं त्यानं. आमाले चालते! आमच्याकडचं केंद्र पंधरा दिवसांपासून बंद हाये. फक्त एक चक्कर मारा. मॅडम मागं बसतीन, तुमी गाडी हाका."

धम्मरत्नला हसू आलं. तो अभिमानानं गाडीच्या टपावर थाप मारत म्हणाला, "आता काही जमणार नाही! गाडी म्या सोताच्या हातानं दुरुस्त केली. एकदम चोख!"

शेतकऱ्यांचे चेहरे उतरले. एकानं तर कपाळावर हात मारला. "दुरुस्त झाली? हात्तिच्या मारी! मंग तिले कोण भिईल?"

तेवढ्यात नलू पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आतून टेबलावरचा पेचकस आणून शांतपणे त्याच्या हातात ठेवला.

"बसा, दादा हो, चहा ठेवते," ती म्हणाली. "घंटाभर ह्याईच्या हातात असू द्या गाडी. होते बरोबर!"