दळवीकाकांच्या हरकती

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तेव्हा दळवीकाकांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि दुसऱ्या दिवशी लेखी हरकत आणून दिली. ‘आहेर आणू नये’ ही सूचना सक्तीची की ऐच्छिक, याचा पत्रिकेत खुलासा नाही. खाली सही, तारीख आणि ‘पोच मिळावी’. आईने हसू दाबत पोच दिली.

मुलुंड पूर्वेला आमच्याच मजल्यावर काका एकटे राहतात. लोक पेपरात राशिभविष्य बघतात, काका जाहीर नोटिसा बघतात. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असं दिसलं की ते चष्मा पुसायला घेतात. रस्ता रुंद करायला हरकत, तसाच ठेवायला हरकत. झाडं तोडायला हरकत आणि नवी लावली तर, “ही झाडं चुकीची आहेत.” सोसायटीच्या सभेत ते “लिहून घ्या” म्हणाले की सेक्रेटरी पेन हरवल्याचं नाटक करतो. खरं सांगतो, मीही त्यांना टाळायचो. लिफ्टमध्ये ते दिसले की मला जिन्याचा व्यायाम आठवायचा.

गेल्या महिन्यात एका दुपारी ते दारात उभे राहिले. शस्त्र कायद्यातल्या बदलांवर सरकारने लोकांची मतं मागवली होती, तीही फक्त ऑनलाइन. मुदत संध्याकाळी संपत होती.

“काका, बंदुकीशी आपला काय संबंध? आपण कबुतरंसुद्धा टाळ्या वाजवून हाकलतो.”

“तू टाइप कर ना. वारसाचं कलम काढ.”

परवानाधारक वारला की त्याची बंदूक एका वारसाच्या नावावर करताना बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं. ते यापुढे मोबाइलवर, एका क्लिकवर देता येणार होतं. “झकास आहे की!” मी म्हणालो. काकांनी चष्मा काढून हातात धरला.

“वडलांची ठासणीची बंदूक होती, गावी,” ते म्हणाले. “रानडुकरांसाठी. वडील गेले, ती धाकट्या भावाच्या, बाबल्याच्या नावावर करायची होती. बाबल्या गावात एकटाच. त्याने स्टँपपेपर इथे पाठवला. मी क्रिकेट बघता बघता सही केली. ‘माझी काहीही हरकत नाही.’ वाचलंसुद्धा नाही रे. चार महिन्यांनी फोन आला. त्याने ती स्वतःवरच चालवली.”

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही सगळे या माणसाला हसत होतो.

“लिही. सही करण्याआधी वारसाने, ज्याला बंदूक मिळणार त्या माणसाच्या घरी चार दिवस राहावं, अशी अट घालावी.”

“काका, असं कायद्यात कोण घालणार?”

“नाय घालणार. तू लिही.”

मी लिहिलं आणि पाठवण्याआधी वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. “‘राहावं’च्या पुढे ‘आणि त्याच्याबरोबर जेवावं’ असं घाल.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“बाबल्याचं खाणंच सुटलं होतं. सगळ्या वाडीला माहीत होतं,” काका म्हणाले. “तुका काय सांगू, एका जेवणात कळलं असतं.”