विहिणीसाठी चहा

"त्यात काय मोठंसं? पाणी आणि पाला!" असं म्हणून रादिसावनं चहाचं काम अंगावर घेतलं आणि तिथंच त्याची साडेसाती सुरू झाली.

बायको देसांका परोपरीनं सांगत होती, "अहो, मी कॉफी करते ना! सोबत वाटीभर मुरंबा ठेवते. विहीणबाई येतायत, आजारी माणूस नाही येत!" आणि तिचं खरंच होतं. पिरोत गावात धडधाकट माणूस कॉफी पितो, नाहीतर राकिया या कडक दारूचा पेला रिचवतो. चहा पाजायचा तो अंथरुणावर पडलेल्याला, तोही नाक दाबून.

पण निश शहरातून लेकीचा, यस्नाचा, फोन आला होता. "बाबा, ग्लेबची आई शनिवारी तुम्हाला भेटायला येतेय. रशियन बाई, फारसं बोलत नाही. पण घर कसं आहे ते चहावरून ओळखते म्हणे. एक कप नीट द्या, बस्स. आणि तो आपला काढा नको हं, काळा चहा!"

एकुलती एक पोर. जन्मात बापाकडे मागून मागितलं काय, तर एक कप चहा! रादिसावला भरून आलं. "अगं, विहीणबाई बोटं चाटत राहतील," तो म्हणाला. (चहात बोटं कुठून आली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.)

पिरोतकर चहा विकत घेतात तो औषधाच्या दुकानात. रादिसाव तिथं जाऊन उभा राहिला.

"चहा द्या."

"पोटासाठी की छातीसाठी?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"विहिणीसाठी."

"होतंय काय त्यांना?"

"काही नाही हो. त्या रशियाच्या आहेत."

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुडा बांधून दिला.

मागे रांगेत शेजारची ल्युबिंका उभी होती. ल्युबिंकाच्या कानात शिरलेली गोष्ट तिथं फार वेळ थांबत नाही. रादिसाव घरी पोचायच्या आत गल्लीला कळलं होतं की, त्याची विहीण आजारी आहे आणि बरी व्हायला पिरोतला येतेय.

इकडे रादिसावनं पहिला चहा केला तो कॉफीसारखा. लांब दांड्याच्या भांड्यात पाला घातला, रटारटा उकळला, उतू जायला लागला की उचलला, पुन्हा ठेवला. देसांकानं एक घोट घेतला. "छान. यानं कुंपण रंगवा," ती म्हणाली.

यस्नानं फोनवरच कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, पाला उकळायचा नसतो! किटली आधी गरम पाण्यानं विसळून घ्या. मग पाला, त्यावर नुकतं उकळलेलं पाणी. ऊब राहील असं झाकायचं आणि गप्प बसायचं. मग कपात थोडा अर्क आणि वर गरम पाणी. कॉफीच्या भांड्याला हातसुद्धा लावू नका!"

यातलं गप्प बसणं सगळ्यात कठीण होतं. (पोस्टात उभा जन्म काढला, पण तिथंही ते त्याला कधी जमलं नाही.) शिवाय झाकायचं कशानं? टॉवेलखाली ऊब टिकेना. शेवटी त्यानं खुंटीवरची आपली मेंढीच्या कातड्याची टोपी काढून किटलीला घातली. ती किटलीला अशी बसली, जशी त्याला स्वतःला कधीच बसली नव्हती! शुक्रवारी देसांकानं कप रिकामा केला आणि काहीच बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात याहून मोठं कौतुक त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

शनिवारी यस्ना विहीणबाईंना घेऊन आली. झिनाइदाबाई उंचनिंच, ओठ घट्ट मिटलेले. त्या खिडकीशी बसल्या. रादिसावनं आत जाऊन पाला भिजवला, किटलीला टोपी घातली, तोच दार वाजलं. दारात ल्युबिंका, हातात कोंबडीच्या सूपचं पातेलं, आणि मागे फळांच्या रसाच्या बाटल्या न् बिस्किटांचे पुडे घेतलेली अख्खी गल्ली.

"कुठंय बिचारी?"

"अहो, पण त्या..."

"तुम्ही गप्प बसा, रादिसावभाऊ! पुरुषांना दुखण्यातलं काय कळतंय?" आणि खोलीत पाऊल टाकताच ती ओरडली, "अगंबाई! वाऱ्यात बसवलंय! मारायचंय की काय हिला?"

धाडधाड खिडक्या लागल्या. झिनाइदाबाई गळ्यापर्यंत घोंगडीत गेल्या. कुणी त्यांचे मोजे उतरवले, कुणी तळपायांना राकिया चोळायला घेतली. त्यांनी यस्नाकडे पाहिलं, यस्नानं बापाकडे. पोरीचे डोळे पाण्यानं भरले होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

चहा राहिला बाजूला, इथं सोयरीकच मोडायची वेळ आली! रादिसाव धावत आत गेला, कप भरला आणि गर्दीत घुसला. "सरका! चहा येतोय!"

"आणा, आणा," ल्युबिंका म्हणाली. "पाजा गरमागरम. घाम सुटला पाहिजे!"

झिनाइदाबाईंनी घोट घेतला. मग दुसरा.

"ग्लेब म्हणाला होता, साधी माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "साधी कसली? मला काही झालं नसताना हे एवढं, तर खरंच झाल्यावर काय कराल!" त्यांनी घोंगडीचं टोक उचलून यस्नाला कुशीत ओढलं आणि कप पुढे केला. "आणखी."

"औषध कुणी आणखी मागतं का?" म्हणत ल्युबिंकानं स्वतः चाखून पाहिला. "अय्या! बरं असताना काय झकास लागतो हो हा!"

मग काय! जो तो कप मागू लागला. रादिसाव किटलीवर किटली भरत राहिला. संध्याकाळी तो पाहुण्यांना बसपर्यंत सोडायला गेला तो बोडक्या डोक्यानं, कारण टोपी किटलीवर होती. फेब्रुवारीचा बोचरा वारा सुटला होता. पण यस्ना गळ्यात पडून "बाबा, जिंकलात!" म्हणाली, तेव्हा त्याला थंडी म्हणून वाजली नाही.

ती वाजली सोमवारी. अंग फणफणलं. टोपी कानांपर्यंत ओढून तो अंथरुणात कण्हत पडला. "देसांका, चहा ठेव गं." आता तरी चहावर त्याचा रीतसर हक्क होता.

पाणी उकळतंय तोच ल्युबिंका हजर. रादिसावला हायसं वाटलं. चला, सूप आलं! पण तिच्या हातात रिकामा कप होता. मागे गल्ली, प्रत्येकाच्या हातात कप.

"चहा टाकलाय ना, रादिसावभाऊ?"

"अहो, मी आजारी आहे!"

"असेना का! चहा प्यायला आजारीच असावं लागतं असं नाही. तुम्हीच तर शिकवलंत."

तिनं मायेनं त्याच्या कपाळाकडे हात नेला. निदान ताप तरी बघतेय, म्हणून रादिसावनं डोळे मिटले.

ल्युबिंकानं त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि ती स्वयंपाकघरात गेली.