हवेतनं बारा मिनिटं

आमच्या शेजारच्या सुभेदार आण्णांना कुणी कुठलंही अंतर सांगितलं की ते आधी विचारतात, "रस्त्यानं की हवेतनं?" एकदा पोस्टमन बोलता बोलता म्हणाला, स्टेशन तीन किलोमीटर आहे. त्यालाही विचारलं. तो बिचारा आपल्या सायकलकडे बघत राहिला.

फौजेत असताना आण्णा एकदाच विमानात बसले. तेही मालवाहू आणि तेही बटाट्याच्या पोत्यावर. पण तेव्हापासून रस्ता हा प्रकार ते हिशेबातच धरत नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून माझा नकाशा त्यांनी कायमचा ढापला. त्यावर दोरा ताणून आमच्या कऱ्हाडची धावपट्टी ते कवलापूरची धावपट्टी हे अंतर काढलं. पासष्ट किलोमीटर, बारा मिनिटं. "चा गार व्हायच्या आत सांगली जिल्हा, गुरुजी!"

कवलापूरच्या पट्टीवर गवत माजलंय आणि या दोन गावांमध्ये प्रवासी विमान कधी उडालेलंच नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. "सुरू व्हायला कितीसा येळ? दोन्हीकडं पट्टी तयार हाय न्हवं?"

याच भरवशावर या गृहस्थानं एकुलती एक मुलगी सुनंदा कवलापूरला दिली. माझ्यादेखत. कोरेगावचं नोकरीवालं स्थळ हातात होतं. पण कवलापूरच्या द्राक्षबागायतदाराला आण्णांनी एकच प्रश्न विचारला, "धावपट्टी घरापास्नं किती लांब?" हाकेच्या अंतरावर, असं उत्तर आलं आणि सुपारी फुटली. आण्णांच्या बायकोनं, आमच्या वैनींनी, कपाळावर हात मारून घेतला. "आवं, विमानासाठी तासभर आदी जाऊन बसाय लागतं. तवर यष्टी निम्म्यात जाती!"

लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा नाही, हा आण्णांचा नियम. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. वैनी गेल्या, मग गुडघे गेले, आणि एका दिवसात जाऊन येणं झेपेना. सुनंदाची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिलाही घर सोडता येईना. दीड वर्ष बापलेकीची भेट नाही. "आण्णा, मुक्कामालाच या की," ती फोनवर म्हणायची. आण्णा तिला बारा मिनिटांचं गणित ऐकवायचे. फोन ठेवला की मात्र पुन्हा नकाशा काढून दोरा ताणत बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

परवा मीच वैतागलो. म्हटलं, "गाडी काढतो. संध्याकाळी परत आणतो, मग तर झालं?"

लगेच तयार झाले. दोन तास लागले. तेवढ्या वेळात हवेतनं पाचदा जाऊन आलो असतो, हे मला वाटेत दोनदा ऐकावं लागलं. सुनंदानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. "किती वाळलायसा, आण्णा," एवढंच म्हणाली.

पाच वाजता मी किल्ली घेऊन उठलो. आण्णा काही उठेनात.

"गुडघा लय धरलाय, गुरुजी. तुमी व्हा फुडं."

मला खरंच वाटलं. मलम काढावं म्हणून मी गाडीतली त्यांची पिशवी उघडली. आत चार सदरे, दाढीचं सामान, महिनाभराच्या गोळ्या आणि घडी घातलेली चादर. मलम नव्हतं.

मी पिशवी सुनंदाच्या हातात दिली. तिनं आत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बसले होते.

ती आत जाऊन कपाटातला एक कप्पा रिकामा करू लागली.