भात कालव

नवी नवरी म्हणून नागावला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी शिंपल्यांसकट भात शिजवला. हे आपण होऊन कबूल केलेलं बरं. नाहीतर माझ्या थोरल्या जाऊबाई सांगतात, आणि त्या सांगतात तेव्हा शिंपल्यांची संख्या दरवर्षी वाढलेली असते.

झालं होतं असं. मी घाटावरची, फलटणकडची. समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. आदल्या दिवशी दारात एक बाई टोपली घेऊन आली, तेव्हा जाऊबाईंनी मला शिकवलं होतं, "ही कालवं. खडकाला चिकटून ऱ्हातात. एक असलं का कालव." मी मॅट्रिक पास. शब्द लगेच डोक्यात पक्का केला. दुसऱ्या दिवशी वाडीत माडांना पाणी सोडायला जाताना त्या म्हणाल्या, "धाकटे, पोरं शालेतनं येतील. भात कालव."

आता भात काय आमच्याकडं कालवत नाहीत? कालवलेला भात खाऊनच मी एवढी झाले होते. पण सासरी गेल्यावर माहेरचं सगळं विसरायचं, असं कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलेलं. मी ठरवून टाकलं, हा इकडचा पदार्थ आहे: भात-कालव. त्या बाईचं घर शोधत गेले, न फोडलेली कालवं आणली, स्वच्छ धुतली आणि तांदळात घालून वर झाकण ठेवलं. लसणाची फोडणीसुद्धा दिली.

वाढताना टोपात खडखड वाजायला लागलं. पोरं माझ्याकडं बघायला लागली, मी टोपाकडं. तेवढ्यात जाऊबाई आल्या. हसल्या नाहीत. खाली बसल्या, एकेक शिंपली उचलून तिच्यातला गर काढला, शितं चिवडून कपच्या वेचल्या, वर नारळाचा रस घातला आणि सगळं परातीत घेऊन हातानं कालवलं. पहिला घास मला दिला. "आज भात-कालवच हाय," असं पोरांना सांगितलं. सासूबाईंना त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मला मात्र त्यानंतर जन्मभर एकच सूचना मिळत आली, "भात कालव गं. शिंपल्या काढून."

तर अशा या माझ्या थोरल्या जाऊबाई. बांध्यानं बारीक, आवाजानं मोठ्या, आणि एका बाबतीत पार हट्टी. घरात टोप एकच. त्यात जे शिजेल ते दोन वर्षांच्या पोरानंही खायचं आणि भावोजींनीही. रोज ताजं, रोज एकत्र, एका परातीभोवती.

माझा मुलगा वरणभात खायला लागला तेव्हा मी कुठल्याशा मासिकात वाचलं की बाळाचं वेगळं शिजवावं. झालं, मी शास्त्रीय आई! एक छोटा टोप आणला, त्यात मऊ भात, फिकं वरण. जाऊबाईंनी तो दोन बोटांनी उचलला. "हा कोनाचा? पाव्हना हाय का?" आणि त्यातलं सगळं मोठ्या टोपात ओतून छोटा टोप फळीवर पालथा घातला. माझं शास्त्र तिथंच संपलं.

त्यांचं स्वतःचं शास्त्र वेगळं होतं. कालवण होत आलं की घरातलं सगळ्यात लहान पोर चुलीपाशी बोलवायचं. त्याच्या तळहातावर एक थेंब ठेवायचा. पोर चाटायचं आणि जाऊबाई त्याच्या भिवया बघायच्या. "पोरांची जीभ खोटं बोलते, भिवई न्हाय बोलत." भिवई चढली की आणखी नारळ वाटायचा. भावोजी कुरकुरायचे, "हे काय, आजाऱ्याचं जेवण!" त्यावर उत्तर ठरलेलं. "तुमाला तिखट पायजे तर मिरची चावा. पोरानं फिकं कुठनं चावायचं?" मोठ्यांसाठी ठेचा आणि सुक्या जवळ्याची चटणी बाजूला असायची. पण बोंबलाचं कालवण असो की वालाचं बिरडं, पोराची भिवई खाली आल्याशिवाय टोप चुलीवरून उतरायचा नाही.

भावोजी गेले, पाठोपाठ माझे यजमान गेले. जाऊबाईंचा मुलगा त्यांना पनवेलला घेऊन गेला. पंधरवड्यात परत आल्या. म्हटलं, "काय हो, सून भांडली का?" म्हणाल्या, "न्हाय गं, गुनाची हाय. पन तिथं जेवन पालीपालीनं. एक मोबाइल जेवतो, मंग दुसरा मोबाइल जेवतो."

माझ्या मुलानं, प्रमोदनं, मागच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. एकदा पुण्याची एक बाई म्हणाली, "आमच्या मुलांना फक्त नूडल्स चालतात. त्यांचं वेगळं होईल ना?"

जाऊबाईंनी गंभीरपणे विचारलं, "पोरं येगल्या गाडीतनं आली का?"

बाई गोंधळली. तोवर तिचा धाकटा चुलीपाशी पोचला होता आणि त्याच्या तळहातावर थेंब पडला होता. दुपारी तो पोरगा बिरडं, तांदळाची भाकरी आणि इकडचा पांढरा गोड कांदा खात होता, आणि त्याची आई त्याच्याकडं बघत जेवायची विसरली होती.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या दिवाळीनंतर जाऊबाई चक्कर येऊन पडल्या. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब फार आहे, मीठ जवळजवळ बंद, लोणची-पापड बंद, जेवण अगदी साधं. माझी सून मेघा मायेची. त्याच दिवशी बाजारातून स्टीलचा नवा छोटा टोप घेऊन आली. त्यात जाऊबाईंचं वेगळं, अळणी जेवण केलं आणि ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं.

जाऊबाईंनी ताटाकडं बघितलं. टोपाकडं बघितलं. ताट उचललं आणि बाहेर पडवीत जाऊन बसल्या. "हितं वारा बरा लागतो," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही पडवीत. तिसऱ्याही. अर्धं ताट कावळ्यांना जायचं. मग पाऊण. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. मेघानं लिंबू पिळून बघितलं, आमसूल घातलं, कोथिंबीर घातली. आम्हाला वाटायचं, मीठ नाही म्हणून घास उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल.

शेवटी मी त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. गोड बोलणं मला येत नाही. म्हटलं, "काय हो जाऊबाई, या वयात नव्या नवरीसारखं रुसायचं?"

त्यांनी नजर माडांकडं वळवली. मग म्हणाल्या, "मी ल्हान व्हते तवा मला खोकला झालेला. वाईट खोकला. आयनं माजं येगलं शिजवायला घेतलं. येगलं ताट, येगला तांब्या. मी पडवीत. ती उंबऱ्यावरनं ताट सरकवायची."

"आजारी होता तुम्ही. बाकीच्या पोरांना जपायला करावंच लागलं असेल."

"व्हय. तिचं काय चुकलं न्हाय. पन मी बरी झाले गं. तरी ताट भायेरच यायचं. घराला सवय झाली व्हती."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढी वर्षं एका चुलीपाशी बसलो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना हट्टी म्हणण्यात मीच सगळ्यांच्या पुढं होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नवा टोप फळीवर पालथा घातला. मेघाला म्हटलं, "आजपासून सगळ्यांचंच डॉक्टर म्हणाले तसं."

"अहो आई, प्रमोद ओरडतील!"

"मिरची चावेल तो. मीठ वाटीत ठेव, ज्याचं त्यानं घ्यावं."

पडवळ घालून मुगाचं वरण केलं, ओल्या खोबऱ्याचं, लसणाची फोडणी दिलेलं. होत आल्यावर माझी नात सई सवयीनं तळहात पुढं करून आली. तिला म्हटलं, "थांब, आज तुझी पाळी नाही." पळीतला थेंब निववून पडवीत नेला, जाऊबाईंचा हात धरला आणि तळहातावर ठेवला. त्या चकित झाल्या. मी भिवयांकडं बघत राहिले. भिवया हलल्या नाहीत. नुसत्या ओल्या डोळ्यांवर तशाच राहिल्या.

मग त्यांना हाताला धरून आत आणलं. मधे परात ठेवली. प्रमोद, मेघा, सई, सगळे आपापली ताटं घेऊन भोवती बसले. मी भात घेतला, वरण घेतलं आणि कालवायला लागले.

"शिंपल्या काढल्यास ना?" जाऊबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यांचाच होता.

पहिला घास मी त्यांना दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत थांबले. त्यांनी सावकाश चावला, गिळला, मग आमच्या सगळ्यांच्या ताटांवरून एकदा नजर फिरवली.

"मीठ कमी हाय, धाकटे," त्या म्हणाल्या. "पन सगल्यांनाच कमी हाय ना? मंग वाढ."