वॅफलोनियाचा नागरिक

"आज माझ्या हातून एकही चूक होणार नाही!" असं चारुदत्तने सकाळी सव्वासातला, टोस्टला लोणी लावता लावता जाहीर केलं.

आणि चूक व्हावी तरी कशी? सतरा वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता. आधी व्हिसा, मग व्हिसाचं एक्स्टेन्शन, मग एक्स्टेन्शनचं एक्स्टेन्शन, मग ग्रीन कार्ड, आणि आता एकदाचा, दुपारी दीड वाजता, अटलांटा डाउनटाउनमध्ये नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू! परीक्षेचे सगळे प्रश्न पाठ. अल्फारेटातल्या घरापासून तिथपर्यंतच्या रस्त्याची रविवारी रंगीत तालीम. गाडीची टाकी फुल. आणि फाइल! हिरवी, जाडजूड, सतरा कप्प्यांची. तिच्यात पासपोर्ट होता, अपॉइंटमेंटचं पत्र होतं, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स होत्या, दहावीचं मार्कशीट होतं आणि पुण्याच्या घराचं एक जुनं वीजबिलसुद्धा होतं.

"वीजबिल कशाला रे?" त्याच्या बायकोने, रेणूने विचारलं.

"मागितलं तर?"

हा प्रश्न रेणू सतरा वर्षं ऐकत होती. तिने डबा भरायला घेतला.

खरं सांगायचं तर चारुदत्तला हवं होतं एकच. मत! त्याने जन्मात कधी मतदान केलं नव्हतं. पुण्यात असताना एकदाच हौसेने गेला, तर यादीत त्याचं नाव नाही, आणि आठ वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं मात्र ठळक अक्षरात! मग अमेरिका. इथे टॅक्स वेळेवर भरायचा, निवडणुकीचे निकाल रात्रभर टीव्हीवर बघायचे, राजकारण्यांना भरपूर शिव्या द्यायच्या, आणि मतदानाच्या दिवशी गपचूप ऑफिसला जायचं. घरात जन्माने नागरिक एकच, ती म्हणजे पाचवीतली अंतरा.

त्या दिवशी नेमका अंतराच्या वर्गाचा प्रोजेक्ट होता. मुलांनी शाळेच्या जिममध्ये एक अख्खं बेट-राष्ट्र वसवलं होतं. आईवडिलांनी तिथे तासभर नागरिक म्हणून राहायचं. "बाबा, यू प्रॉमिस्ड," एवढंच अंतरा म्हणाली.

"नऊला जाऊ, साडेदहाला निघू," चारुदत्त म्हणाला. "वेळच वेळ आहे!"

जिमच्या जमिनीवर निळ्या टेपने समुद्र आखला होता, मध्ये बेट, आणि बेटावर चौकड्यांच्या गोड वॅफलचं चित्र असलेला झेंडा. रिपब्लिक ऑफ वॅफलोनिया! सरकार होतं, कंपनी होती, युनियन होती. आणि राष्ट्राध्यक्ष? तीन आठवडे प्रचार करून निवडून आलेली अंतरा, खांद्यावरून तिरका सॅटिनचा पट्टा घेऊन उभी! चारुदत्तचा ऊर भरून आला.

रेणू गाडी पार्क करत होती. चारुदत्त फाइल काखेत मारून पुढे गेला. गाडीत कशी ठेवणार? काच फोडून कोणी नेली तर? बेटाच्या तोंडाशी एक टेबल होतं आणि त्यामागे मॅडिसन नावाची दोन शेंड्या घातलेली, दातांना तारा लावलेली मुलगी बसली होती. इमिग्रेशन ऑफिसर!

"पेपर्स, प्लीज," मॅडिसन म्हणाली.

आता, दारातच सगळ्या पालकांना निळ्या कागदाचे खोटे पासपोर्ट वाटले होते. चारुदत्तच्याही खिशात तो होता. पण टेबलापलीकडून कोणी करड्या आवाजात "पेपर्स" म्हणालं की गेली सतरा वर्षं त्याचा हात एकच काम करतो. फाइल उघडली. भारतीय पासपोर्ट बाहेर आला. ग्रीन कार्ड बाहेर आलं. अपॉइंटमेंटचं पत्र बाहेर आलं. "दोन फोटोही आहेत, पांढऱ्या बॅकग्राउंडवर," तो इंग्रजीत अदबीने म्हणाला.

मॅडिसनचे डोळे लकाकले. सकाळपासून तिच्याकडे नुसते निळे कागद येत होते.

"कशासाठी आलात?"

"फॅमिली व्हिजिट, मॅम."

"किती वेळ राहणार?"

"एक तास, मॅम."

धप्प! खोडरबर कोरून केलेला, वॅफलच्या आकाराचा जांभळा शिक्का पासपोर्टच्या कोऱ्या पानावर बसला. चारुदत्तला भरून आलं. दोन मिनिटांत काम! ना टोकन, ना वकील! तो या आनंदात असताना मॅडिसनने सगळे कागद फाइलमध्ये घातले, फाइल एका प्लॅस्टिकच्या टबमध्ये टाकली आणि "जाताना परत मिळेल, असा कायदा आहे" असं सांगितलं, तेव्हा त्याने चक्क थँक यू म्हटलं. बदल्यात त्याला एक लॅमिनेट केलेलं कार्ड मिळालं. त्यावर लिहिलं होतं, सिटिझन. तो ते कार्ड दोन्ही हातांत धरून नुसता बघत राहिला.

"फाइल कुठेय?" रेणूने आल्या आल्या विचारलं.

"इमिग्रेशनला दिली."

"कोणाला?"

"मॅडिसनला."

रेणूने टबाकडे बघितलं, मग हातातल्या घड्याळाकडे.

"साडेदहाला घेऊच की परत!" तो म्हणाला.

आणि सव्वादहाला वॅफलोनियात संप झाला!

युनियनचा पुढारी होता कबीर. तीन घरं सोडून राहणारा, दर होळीला चारुदत्तच्या घरी चार पुरणपोळ्या हाणणारा कबीर! त्याने पुठ्ठ्याचा फलक उंच धरला. इमिग्रेशनचं टेबल बंद, बेटावरून बाहेर नेणारी फेरी बोट बंद. फेरी म्हणजे चाकांची लाल ढकलगाडी, पण कायद्याने बाहेर पडायचं तर तिच्यातूनच.

"कबीर, बाळा, माझी फाइल तेवढी दे."

"सॉरी, चारूकाका. वी आर ऑन स्ट्राइक. पंधरा मिनिटं स्नॅक ब्रेक पाहिजे."

"मग घ्या ना ब्रेक!"

"कंपनी देत नाही."

चारुदत्त कंपनीकडे धावला. कंपनीची मालकीण आन्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवून खुर्चीत रेलली होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, आय टोटली अंडरस्टँड," ती म्हणाली. "पण ब्रेक दिला तर फेरी थांबते. सरकारने मला समुद्र विकला तर मी विचार करेन."

"कुठला समुद्र?"

"ऑल ऑफ इट."

चारुदत्त सरकारकडे धावला. सरकार पट्टा सारखा करत होतं.

"अंतरा, समुद्र देऊन टाक तिला!"

"बाबा, मी एकटी नाही देऊ शकत. पार्लमेंटमध्ये व्होट घ्यावा लागेल. पार्लमेंट आफ्टर लंच."

"लंच किती वाजता?"

"ट्वेल्व्ह टेन."

चारुदत्तच्या तोंडचं पाणी पळालं. कबीर म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे सरकारला विचारा, सरकार म्हणे लंचनंतर या! पुण्यातल्या कुठल्याही कचेरीची आठवण यावी, असा कारभार दहा वर्षांच्या पोरांनी तीन आठवड्यांत उभा केला होता. तो वर्गाच्या बाईंकडे, मिसेस हॉलोवेंकडे गेला. त्या खुशीत होत्या.

"आम्ही मध्ये पडत नाही," त्या म्हणाल्या. "मुलांनी आपलं आपण सोडवायचं. ग्रेड त्यावरच आहे!"

अकरा वाजले. रेणूचा धीर सुटला.

"चारू, तो बघ टब. उचल फाइल आणि चल."

"काउंटरच्या आत हात घालू? आज?"

"अरे, पोरांचा खेळ आहे तो!"

"तुला माहितीय फॉर्ममध्ये काय प्रश्न आहे? 'ज्यात पकडले गेला नाहीत, असा एखादा गुन्हा केलाय का?' शपथेवर विचारतात! काय सांगू? सतरा वर्षांत साधं पार्किंगचं तिकीट नाही माझ्या नावावर!"

"थांब, मीच उचलते," म्हणून रेणू निघाली, तोवर मॅडिसन टबाच्या झाकणावर जाऊन बसली. संपावर होती, पण बसली तिथेच!

अकरा वाजून सात मिनिटांनी चारुदत्तच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तो जिममधल्या लाकडी बाकावर चढला.

"नागरिकहो!" तो इंग्रजीत गरजला. "हे काय चाललंय या देशात? युनियनला खाऊची पडली आहे, कंपनीला समुद्र पाहिजे, आणि सरकार जेवायला चाललंय! नागरिकाचं कोण बघणार? रांगेत आम्ही उभं राहायचं, टॅक्स आम्ही भरायचा, आणि आमचे कागद कुठे? तिच्याखाली!"

सगळ्यांनी मॅडिसनकडे बघितलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. सतरा वर्षं साठलेलं सगळं वॅफलोनियाच्या पदरात पडत होतं. चारुदत्तला असा जोर आयुष्यात कधी चढला नव्हता.

"माझा या सरकारवर विश्वास नाही!" तो ओरडला.

"वंडरफुल!" मिसेस हॉलोवेंनी टाळी वाजवली. "अविश्वास ठराव! नियम सहावा! ताबडतोब मतदान घ्या, मुलांनो!"

सगळ्या नागरिकांना कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. चारुदत्तने आपली चिठ्ठी भरली, घडी घातली आणि बुटांच्या खोक्यात टाकली. एकोणीस विरुद्ध चार! सरकार पडलं! चारुदत्तने दोन्ही हात वर केले, आणि त्याच क्षणी त्याला अंतरा दिसली. ती पट्टा डोक्यावरून काढत होती. पट्टा कानातल्यात अडकला होता आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला होता.

"बाबा," ती म्हणाली. "तू माझ्या अगेन्स्ट व्होट केलंस?"

चारुदत्तचे हात खाली आले. जन्मातलं पहिलं मत, आणि ते पोटच्या पोरीविरुद्ध! त्याला फार वाईट वाटलं. तो तिच्याकडे जायला निघाला, पण तेवढ्यात नवीन सरकारने शपथ घेतली. युनियन आणि कंपनी यांची युती! पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचं तोंड न बघणारे कबीर आणि आन्या एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसले होते.

"आमची पहिली ऑर्डर," कबीरने वाचून दाखवलं. "चारूकाका इज डेंजरस. आज त्यांनी अंतराला पाडलं, उद्या आम्हाला पाडतील. त्यांना देशाबाहेर काढा. काका, नथिंग पर्सनल."

संप मिटला. मॅडिसन टबावरून उठली. धप्प! आणखी एक शिक्का बसला, फाइल हातात आली, लाल ढकलगाडीतून चारुदत्त गुडघे पोटाशी घेऊन समुद्रापार झाला. अकरा अठ्ठावीस! त्याचा जीव भांड्यात पडला. दुसरा शिक्का कसला होता, हे बघायला वेळ कोणाला होता? मागे वळून त्याने हात हलवला. अंतराने हलवला नाही.

बरोबर एक वाजून पंचवीस मिनिटांनी त्याला आत बोलावलं. ऑफिसर पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायला लावली. मग प्रश्न. सगळी उत्तरं बरोबर! बाईंनी मान डोलावली आणि फॉर्म पुढे ओढला. एकेक प्रश्न, एकेक 'नो'. सगळं सुरळीत चाललं होतं.

"कुठलंही सरकार उलथून टाकण्यात तुमचा कधी सहभाग होता?"

'नो' चारुदत्तच्या ओठांपर्यंत आला, आणि समोर अंतराचा तो ओठ उभा राहिला. शपथ घेतली होती! उजवा हात वर करून!

"एक," तो हळूच म्हणाला. "लहान होतं."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग पासपोर्ट उचलला आणि एकेक पान उलटायला लागल्या. एका पानावर थांबल्या. पान त्याच्याकडे वळवलं. जांभळ्या वॅफलवर आडवा, लाल, ठसठशीत शिक्का होता: डिपोर्टेड.

"तुम्हाला कधी कुठल्या देशातून हद्दपार केलंय?"

"येस, मॅम," चारुदत्त म्हणाला. "आज. अकरा अठ्ठावीसला."

मग त्याने सगळं सांगितलं. मॅडिसन, कबीर, समुद्र, लाल ढकलगाडी. पुरावा म्हणून सिटिझन लिहिलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. बाई पासपोर्ट घेऊन बाहेर गेल्या. भिंतीपलीकडून आधी एक, मग तीन-चार माणसांचं हसणं ऐकू आलं. परत आल्या तेव्हा चेहरा एकदम गंभीर होता.

"परीक्षा पास आहात," त्या म्हणाल्या. "पण या पानाचा लेखी खुलासा फाइलला लागेल. तिथल्या सरकारचं पत्र आणा, मग पुढचं बघू."

चारुदत्त घरी पोचला तेव्हा अंतराच्या खोलीचं दार बंद होतं. त्याने दार वाजवलं. आत ती टेबलाशी बसली होती, आणि खांद्यावर पट्टा होता!

"अगं, तू परत?"

"लंचनंतर कबीर आणि आन्याचं भांडण झालं. आय ॲम बॅक."

चारुदत्तला मिठीच मारावीशी वाटली. त्याने घाईघाईने ऑफिसर, पासपोर्ट, पत्र, सगळं एका दमात सांगितलं. "चार ओळी लिहून दे फक्त! तुझ्या सहीवर अडलंय बघ सगळं!"

अंतराने शांतपणे ऐकलं. मग टेबलावरून हात पुढे केला.

"पेपर्स, प्लीज."

चारुदत्तने फाइल दिली. तिने एकेक कप्पा उघडला. पासपोर्ट बघितला. फोटो बघितले, पांढऱ्या बॅकग्राउंडवरचे. दहावीचं मार्कशीट जरा जास्त वेळ बघितलं. वीजबिल उलटसुलट केलं. मग फाइल मिटून त्याच्याकडे सरकवली.

"सॉरी लेटर कुठेय?"

चारुदत्तने सतराच्या सतरा कप्पे पुन्हा चाळले. सतरा वर्षांत कोणी ना कोणी मागेल म्हणून जगातला प्रत्येक कागद त्याने जमवला होता. हा एकच नव्हता. दारात उभ्या असलेल्या रेणूने आत येऊन त्याच्यासमोर एक कोरा कागद आणि पेन ठेवलं.

तो खाली मान घालून लिहायला लागला.

"बाबा," अंतरा म्हणाली. "दोन कॉपीज."