करकोचा सर आणि वरचा डोह

टक्, टक्, टक्. बाळांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. करकोच्याला गाता येत नाही, ओरडता येत नाही. तो चोचीवर चोच आपटतो. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज येतो. तो आला की समजायचं, करकोचा काहीतरी शिकवतो आहे.

एका जंगलात प्राण्यांची व्याख्यानमाला होती. दर थंडीत मोहाच्या झाडाखाली भरायची. तिथले प्राणी फार सुसंस्कृत होते. असं ते स्वतःच म्हणायचे. दुसरं कुणी म्हणायला तिकडे फिरकत नसे.

त्या वर्षी पाहुणे म्हणून करकोचा सर आले. त्यांचा जन्म मावळतीकडच्या मोठ्या जंगलातला. त्याला आपण सोयीसाठी अमेरिका म्हणू. पुढे ते उगवतीच्या बेटावर, बांबूच्या बनात गेले. त्याला जपान म्हणू. तेरा वर्षं त्यांनी तिथे मास्तरकी केली. व्याख्यानाचा विषय होता 'हिंसा आणि संस्कृती'.

पण त्याच आठवड्यात जंगलात एक गोष्ट घडली होती. तिथे एक ओढा होता. वरच्या डोहात रानडुकरं पाणी प्यायची आणि लोळायची. खाली जे गढूळ यायचं ते सशांनी प्यायचं. हे कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नव्हतं. एका सकाळी धोंडू ससा वरच्या डोहावर पाणी प्यायला. रानडुकरांनी त्याचा मागचा पाय मोडला.

धोंडू तापाने बिळात पडला होता. जखम चिघळत होती. धुवायला स्वच्छ पाणी हवं होतं. त्याची बायको येसू सभेला आली ती एवढ्यासाठी. सगळी मोठी मंडळी एका जागी भेटायची ती तिथेच.

सरांनी चोच वाजवली आणि सुरुवात केली.

"अमेरिकेत प्रत्येकाला शिंग बाळगायचा हक्क आहे. ज्याला निसर्गाने दिलं नाही त्याला दुकानात मिळतं. वाद झाला की आधी शिंग, मग बोलणं. एकदा एक जण शिंग घेऊन पाडसांच्या शाळेत घुसला. सगळ्यांनी फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली, आणखी शिंगं घ्यायला."

"अरेरे! काय हे संस्कार!" सभा म्हणाली. सभेला फार बरं वाटलं.

"जपानमध्ये कुणी पंजा उगारत नाही. ज्याचा पाय तुडवला जातो तोच वाकून माफी मागतो. माझ्या वर्गात एक हरणी होती. तिचे ठिपके जरा वेगळे. तिला कुणी मारलं नाही. फक्त तिच्याशी कुणी बोललं नाही. वर्षभर. एक दिवस ती कड्याकडे गेली, ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग कड्याकडे तोंड करून वाकला. अगदी एका रेषेत."

"शिव शिव! मनाने किती कोरडे!" सभा म्हणाली. सभेला आणखी बरं वाटलं.

अध्यक्ष सांबर होते. ते म्हणाले, "आपल्याकडे बघा. शेजारच्या बिळात काय चाललंय ते प्रत्येकाला ठाऊक असतं. केवढा हा जिव्हाळा! कुणाला प्रश्न?"

येसू उभी राहिली. "गुरुजी, माझ्या घरधन्याचा पाय मोडलाय. वरचं पाणी प्यायला म्हणून. ह्याला काय म्हणायचं?"

"बाई, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा असतो," सांबर म्हणाले.

"मला लिहिता येत नाही, अण्णा."

"मग पुढच्या वर्षी."

पहिल्या रांगेतून आबासाहेब रानडुक्कर उठले. ते व्याख्यानमालेचे कार्याध्यक्ष होते. "येसू, अगं, आजचा विषय हिंसा आहे. तुझं आपलं पाणवठ्याचं. पाहुण्यांपुढे घरातलं काय काढतेस?"

"आबा, पाय तुमच्याच पोरांनी मोडला."

"मग? आपलीच पोरं ना? तुला काय परकी वाटतात?"

सभा खळखळून हसली. सर घोटभर पाणी प्यायले. पाणी वरच्या डोहातलं होतं.

आभार आबासाहेबांनी मानले. "दोन्हींतलं चांगलं तेवढं आपण घेऊ," ते म्हणाले. "जपानची नम्रता आणि अमेरिकेचा बाणेदारपणा!" टाळ्यांच्या गजरात तसा ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन वरच्या डोहावर गेली. धोंडू आता तिला ओळखतही नव्हता. तिला दुसरा उपाय नव्हता.

डोहावर आबासाहेबांची पोरं उभी होती. सांबर पाहुण्यांना परिसर दाखवत होते. सर न्याहारीला बेडूक शोधत होते.

येसूला पाहून पोरं एका रांगेत आली. कमरेतून वाकली.

"मावशी, तसदीबद्दल क्षमा असावी," थोरला म्हणाला. आणि त्याने सुळ्याने तिला उडवलं.

येसू दगडावर आपटली. द्रोण बाजूला पडला. पोरं पुन्हा वाकली.

सांबरांचे डोळे भरून आले. "पाहिलंत, सर? एका व्याख्यानाचा परिणाम! परवापर्यंत नुसतंच मारत होती हो."

येसू उठली. तिच्या कानातून रक्त येत होतं. द्रोण उचलून ती सरांपुढे येऊन बसली.

"गुरुजी, तुम्ही एवढंच सांगा, की हे मारणं आहे. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणालात तर वाट सोडतील. एक द्रोण पाणी नेऊ देतील. एकच."

पोरांनी सरांकडे पाहिलं. थोरला जरा बाजूला सरकलाही होता.

सरांनी चोच उघडली.

"सर," सांबर हळूच म्हणाले, "पुढच्या थंडीतही यायचंय हं. विषय तुम्हीच निवडा."

सरांनी चोच मिटली. एक लांब पाय उचलला. मग दुसरा. पंख होते, पण ते उडाले नाहीत. काठाकाठाने, कुणालाही धक्का न लावता, ते चालत निघून गेले.

तात्पर्य : बाळांनो, परक्या जंगलांतल्या हिंसेचा मन लावून अभ्यास करावा. तो पुरा झाला की आपल्या जंगलात ती शोधूनही सापडत नाही. आणि मारण्याआधी वाकायला विसरू नये. मार तेवढाच लागतो, पण त्याला संस्कृती म्हणता येतं.